गिरदावरसाहेबांचा हुंकार

माणूस ऐकतो कसा हे पाहायचं असेल, तर आमच्या घरमालकांना पाहायला हवं. आधी ते आपली खुर्ची जरा तिरपी करायचे. समोरासमोर बसलं की माणूस भांडतो, असं त्यांचं मत. मग चष्मा काढून खिशात घालायचे, कारण चष्मा लावल्यावर कमी ऐकू येतं, हे त्यांचं दुसरं मत. मग उजवा कान पुढे करून म्हणायचे, "हं, सांगा." आणि एकदा तुम्ही सुरू झालात की दर वाक्याला त्यांचं "हूं". कधी आखूड, कधी लांब, कधी नाकातून, कधी पार पोटातून. शेजारच्या खोलीतून ऐकलं तर वाटावं, कोणी सायकलच्या चाकात हवा भरतंय.

महसूल खात्यातून ते गिरदावर म्हणून निवृत्त झाले होते. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांच्या वरचा साहेब. तेलंगणातल्या आदिलाबादेत, आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे, सगळ्यांचे ते गिरदावरसाहेब. मीही नाव सांगणार नाही. त्यांना कळलं तर मौक्यावर येऊन पंचनामा करतील.

आता हुंकाराचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी बेल्याकडच्या खेड्यातली. आमच्याकडे कापूस वेचताना बाया ओळीनं वाकलेल्या असत आणि एखादी गोष्ट सांगायची. पण गोष्टीला दोन माणसं लागतात, एक सांगणारी आणि एक हुंकार देणारी. बाकीच्यांनी नुसतं ऐकलं तरी चालतं, पण एकीनं हूं म्हणत राहायचंच. हूं थांबलं की सांगणारी कमरेवर हात ठेवून उभी राहायची, "काऊन वं, झोपली का?" आणि हूं आल्याशिवाय राजाची पोरगी विहिरीत पडलेली असली तरी वर निघायची नाही. माझं लग्न होऊन मी शहरात आले आणि माझी राजकन्या विहिरीतच राहिली. आमचे हे वीज खात्यात होते, पण घरात बोलायची लाईन काही त्यांनी जोडून घेतली नाही. मी तोंड उघडलं की पेपर वर. लग्नापासून मी पेपराच्या मागच्या पानावरच्या जाहिरातींशी संसार करते.

म्हणून साहेबांच्या घरात भाड्यानं राहायला आलो आणि वरच्या मजल्यावरून पहिलं हूं ऐकलं, तेव्हा मला माहेर भेटल्यासारखं झालं.

नोकरीत या हुंकारानं त्यांनी एकदा चांगलाच घोळ घातला होता. ते स्वतःच सांगायचे. वांकिडीकडे दोघा भावांचा बांधावरून वाद. साहेब मौक्यावर गेले. थोरल्यानं आपली बाजू मांडली, साहेब हूं हूं करत गेले. मग धाकट्यानं मांडली, त्यालाही तितकंच हूं. संध्याकाळी थोरल्याच्या घरून पेढे आले. ते तोंडात टाकतात न टाकतात तो धाकट्याच्याही घरून आले. दोघांनाही वाटलं, साहेबानं आपलं मान्य केलं.

"मंग काय केलं तुमी?" मी विचारलं.

"याचे पेढे त्याले चारले, त्याचे याले. आन सांगतलं, बाप्पा हो, मी कबूल कुठं केलं? मी तं आयकलं."

"आन ते काय म्हने?"

"म्हने, सायब, इतकं तं आमच्या बापानंबी नाही आयकलं."

वाद तसाच राहिला, पेढे मात्र दर वर्षी येत राहिले म्हणे. खरंखोटं साहेबांनाच ठाऊक.

तर असा हा माणूस. बायको गेल्यावर वरच्या मजल्यावर एकटा राहिला. दोन्ही मुलं बाहेरगावी. एक दिवस जिन्यातूनच ओरडत खाली आले, "वयनी, मी कॉलेजात नाव घालून राह्यलो. कोरियाचं साहित्य!"

आमच्या ह्यांनी पेपर खाली केला, यावरून समजा केवढी मोठी बातमी होती.

"कोरियाचं काऊन जी?" ह्यांनी विचारलं.

साहेबांनी बोटांवर मोजत समजावलं. "मराठी घेतली तं तेलुगूवाले म्हनतीन, याचं मन अजून तिकडं महाराष्ट्रातच हाये. तेलुगू घेतली तं आपलेच लोक तोंड फिरवतीन. उर्दू घेतली तं दोघंबी. कोरियाचं आदिलाबादेत कोनाशी वाकडं नाही."

घरबसल्या शिकायचा अभ्यासक्रम होता, दूरच्या एका विद्यापीठाचा. धडे हिंदीतून, वर्ग लॅपटॉपवर, वयाची आणि शिक्षणाची अट नाही. साहेब मला म्हणाले, "तुमीबी बसा. एकट्यानं शिकलं तं भांडाले कोन?"

मी सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि रस्त्यात नाला होता, तिथे विषय संपला. नंतर मी जे काही वाचलं ते आपलं आपण, किराण्याच्या पुड्यांपासून लायब्ररीच्या कादंबऱ्यांपर्यंत. पण पास हा शब्द सातवीनंतर माझ्या वाट्याला आला नव्हता. तो एकदा पुन्हा यावा, एवढीच माझी हौस होती. साधी वाटते, पण जीव अडकलेला होता तिच्यात.

"कोरिया?" हे म्हणाले. "आधी एकटी इचोड्याले तं जाऊन ये." आणि पेपर वर.

साहेबांच्या वरच्या खोलीत, त्यांच्या एकाच लॅपटॉपसमोर आम्ही दोघं बसायचो. पलीकडे मॅडम. वयानं माझ्या मुलीएवढ्या, कोरियात राहून आलेल्या, आवाज मऊ. पहिल्याच धड्यात होतं की कोरियात माणसं आधी वय विचारतात, म्हणजे कोणाशी किती अदबीनं बोलायचं ते ठरतं. झालं. साहेबांनी चष्मा काढला.

"मॅडम, आपकी उमर?"

पडद्यावरच्या सगळ्या चौकोनांतली पोरं गोठली. मॅडम हसल्या. "अंकल जी, आप बड़े हैं। इतना काफ़ी है।"

"नहीं, रिकॉर्ड के लिए।"

मी टेबलाखालून त्यांच्या चपलेवर पाय दिला, तेव्हा कुठे ते प्रकरण दाखल होता होता राहिलं.

गोष्टी वाचण्याची त्यांची तऱ्हा न्यारीच. गाव आलं की आधी शिवार काढायचं. नदी कोणत्या बाजूला, भाताचं शेत कोणाच्या नावावर, मेला त्याला वारस किती. एका गोष्टीत नवरा-बायकोचं पानभर भांडण होतं, इतकं जिवाला लागणारं, की माझे डोळे भरून आले. साहेब म्हणाले, "याईच्या घराले मागचं दार दिसत नाही. मंग ते बाई गेली कुठून?" पण एवढं खरं, त्यांच्याबरोबर वाचलेल्या प्रत्येक गावातून मी आजही डोळे मिटून चालू शकते.

हिवाळा आला तसं त्यांच्या डोक्यात लोणचं शिरलं. तिकडच्या गोष्टींतल्या बाया थंडीआधी कोबी-मुळ्याचं तिखट लोणचं घालतात आणि मडकी अंगणात पुरतात. आमच्याकडची थंडीही काही कमी नाही, डिसेंबरात सकाळी अंगणात शेकोटी पेटवल्याशिवाय हात उघडत नाहीत. मग काय, कोबी मी चिरला, मिरची मी कांडली आणि मडकं साहेबांनी टेप लावून, दिशा काढून, सीताफळाच्या पूर्वेला पुरलं. वर खूण म्हणून एक दगड ठेवला. तो दगड मोलकरणीनं भांडी घासायला उचलून नेला. ज्या माणसानं अख्ख्या मंडळाच्या हद्दी कायम केल्या, त्याला स्वतःच्या अंगणात मडकं सापडेना. अंगणात खड्डेच खड्डे. शेवटी आमचे हे खिडकीतून ओरडले, "सायब, टेप ठेवून द्या, वासावर चाला!" लोणचं मात्र झालं होतं झकास. ज्वारीच्या गरम भाकरीवर आम्ही दोघांनी ते असं खाल्लं की ह्यांनीसुद्धा पेपराआडून ताटली पुढे केली.

पण वर्गात पंचाईत झाली ती हुंकारानं. नियम असा, की मॅडम शिकवत असताना सगळ्यांनी आपला आवाज बंद ठेवायचा. साहेब ठेवत, आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू करत. मॅडम एखाद्या कवितेतल्या बर्फाबद्दल हळुवार सांगत असायच्या आणि मध्येच, "हूंऽऽ".

"अंकल जी, प्लीज़ म्यूट।"

"मॅडम, मैं चुप हो गया, तो आप बोलेंगी किससे?"

पोरं हसायची, मॅडमचा धागा तुटायचा. एक दिवस त्या बिचाऱ्या अगदी रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, आता पुन्हा झालं तर तुम्हाला वर्गातून काढावं लागेल.

मी लॅपटॉप मिटला. "साहेब, तुमाले काढलं तं मीबी गेली. लॅपटॉप तुमचा हाये. एक डाव माहं शिक्षण नाल्यापाशी सुटलं. आता तुमच्या हूंपायी सुटलं तं मी तुमच्या घरात राहीन, पन तुमच्याशी बोलनार नाही."

ही धमकी त्यांना लागली. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गाच्या आधी त्यांच्या तोंडात गूळ-शेंगदाण्याची चिक्की देऊ लागले. चांगली चिवट, दात दातांना चिकटतील अशी. तर हुंकार नाकातून यायला लागला. पण माईक आता ते बंदच ठेवत, त्यामुळे तो माझ्यापुरताच.

आणि मग पानसोरी आली. पानसोरी म्हणजे तिकडची गाऊन गोष्ट सांगायची रीत. एक गाणारी हातात पंखा घेऊन उभी, एक ढोलवाला बसलेला, आणि गोष्ट तासन् तास चालते. मॅडमनी ती दाखवली. गाणारी एक ओळ म्हणाली आणि ढोलवाला ओरडला, "ओल्शिगू!" ऐकणाऱ्यांतून कोणी ओरडलं, "चोत्ता!" मॅडम म्हणाल्या, हे ओरडणं गाण्याचाच भाग आहे, ऐकणाऱ्यांनी साथ दिली नाही तर गाणारी पुढे जाऊ शकत नाही.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बोलले काही नाहीत. चिक्की होती ना तोंडात.

"चलिए, सब अपना माइक खोलिए," मॅडम म्हणाल्या. "मैं सुनाती हूँ, आप आवाज़ दीजिए।" त्यांनी एक ओळ म्हटली. सगळे चौकोन चिडीचूप. शहरातली पोरं, लाजली. मॅडमनी पुन्हा म्हटली. पुन्हा चिडीचूप. शेवटी हळूच, "अंकल जी?"

साहेबांनी चिक्की गिळली, पाणी प्यायले, माईक उघडला आणि म्हणाले, "मॅडम, इस बारे में पहले एक हुकूम हो चुका है। नया हुकूम लिखकर दीजिए।"

मॅडमनी हसत हसत पडद्यावर लिहून पाठवलं, अनुमति है. साहेबांनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. आणि मग जे सुटले! ओळीच्या आधी हूं, मध्ये हूं, शब्दाला शब्द लागू देईनात. मॅडमनी हात जोडले. "अंकल जी, हर जगह नहीं। जहाँ गाने वाली की साँस टूटे, बस वहाँ।"

साहेबांनी माईक बंद केला. संध्याकाळी जिन्यात मला म्हणाले, "वयनी, आजपावतर मी लोकायले पुढं ढकलाले हूं देत होतो. ते पोरगी म्हनते, दम घेतीन तिथं द्या. बराबर हाये. खरंच बराबर हाये." त्या दिवसानंतर त्यांचं हूं कमी झालं. पण जिथे पडायचं तिथे असं पडायचं, की सांगणाऱ्याला आपण थांबलो होतो हेच कळू नये.

शेवटी तोंडी परीक्षा आली. प्रत्येकानं एक गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. मी एका म्हातारीची निवडली. तिकडे घरांच्या जमिनीखालून धूर फिरवून खोल्या गरम करतात. या म्हातारीचा मुलगा शहरात गेलेला आणि ती रोज संध्याकाळी त्याच्या रिकाम्या खोलीची चूल पेटवते, आला तर जमीन गार लागू नये म्हणून. गाव हसतं. हिवाळा सरत नाही, सरपण सरत जातं. साहेबांना मी ती पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, सरपण कोणत्या जंगलातलं, परवाना होता का. मग मात्र चष्मा काढून खिशात घातला आणि म्हणाले, पुन्हा वाचा.

मी घरभर फिरत तालीम केली. स्वयंपाकघरात, मोरीत, तुळशीपाशी. ह्यांच्या पेपरासमोर तर कितीदा.

परीक्षेचा नियम, खोलीत दुसरं कोणी नको. आधी माझी पाळी, लगेच साहेबांची. मी लॅपटॉप फिरवून चारी भिंती दाखवल्या. साहेब बाहेर जिन्यावर, खिडकीखाली बसले. पडद्यावर दोन चेहरे, मॅडम आणि बाहेरून आलेले परीक्षक. दोघंही दगडासारखे, कारण परीक्षेत तोंडावर काही दाखवायचं नसतं म्हणे.

सुरुवात बरी झाली. बोलत बोलत मी आले, "और उस शाम लकड़ी ख़त्म हो गई।" आणि माझा दमच संपला. पुढचं सगळं तोंडात होतं, पण निघेना. आयुष्यभर मी गोष्टी सांगितल्या त्या हूं म्हणणाऱ्या माणसांना. इथे नुसती शांतता. मला नालाच दिसायला लागला, पाणी भरलेला. गेलं, म्हटलं, याही वेळी अलीकडंच राहिलो आपण.

आणि खिडकीखालून आलं. "हूं."

आखूड, पोटातून, अगदी जिथे दम तुटला होता तिथे. मी पलीकडे! म्हातारी उठली, तिनं कुंपणाच्या काठ्या उपसल्या, मी सांगत सुटले. पुढे पुन्हा दम घेतला, पुन्हा हूं.

"रुकिए," परीक्षक म्हणाले. "कमरे में कौन है?"

"कोई नहीं सर."

"मैंने आवाज़ सुनी। आपको कोई बता रहा है।"

नकल! सातवी पास बाई, आणि या वयात नकल करताना धरली. तोंडातून निघून गेलं, "बताया कुछ नहीं सर. उन्होंने सिर्फ सुना."

तेवढ्यात खिडकीच्या गजांमागे साहेबांचं डोकं उगवलं. "कैफियत लिख लीजिए साहब. मैंने मदद नहीं की. ये बोल रही थीं, मैं सुन रहा था. एक काम के लिए दो आदमी लगते हैं."

मॅडमनी तोंड खाली घातलं होतं, खांदे हलत होते. मग त्यांनी परीक्षकांना पानसोरीचं सांगितलं, हे आमच्याच धड्यातलं आहे म्हणाल्या. परीक्षकांनी कपाळ चोळलं. मला पुढे चालू ठेवा म्हणाले, आणि साहेबांना म्हणाले, "आपने नियम तोड़ा है। आपकी परीक्षा आज नहीं होगी।"

मला वाटलं, साहेब आता वाद घालतील. दाखला मागतील. त्यांनी जरा विचार केला. "मंज़ूर. मतलब अब मैं परीक्षार्थी नहीं रहा?"

"नहीं रहे।"

"तो फिर अब सुन सकता हूँ?"

परीक्षकांनी दोन्ही हात वर केले. साहेबांनी तो होकार धरला, चष्मा काढला आणि गजांना कान लावला. माझी गोष्ट शेवटपर्यंत गेली.

मी पास झाले. पेढ्याचा डबा घेऊन वर गेले, पण जिन्यातच डोळे भरले. "साहेब, माह्यापायी तुमचं वर्ष गेलं."

"काऊन रडून राह्यल्या, वयनी?" त्यांनी एकदम दोन पेढे तोंडात टाकले. "पास झालेल्याले पुन्हा वर्गात बसू देत नाहीत. राहिलेल्याले सारं पहिल्यापासून बसता येते. मी महिनाभर आधीच विचारून ठेवलं होतं."

आता हे त्यांनी जाणून केलं की नंतर जुळवलं, मला आजपर्यंत कळलेलं नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा बसले खरे. मी मागे, पडद्यात दिसणार नाही अशी, मेथी निवडत बसायची. मॅडम वर्ग सुरू करताना म्हणायच्या, अंकल जी, माइक खुला रखिए.

गेल्या दिवाळीनंतर थोरला मुलगा आला आणि त्यांना नागपूरला घेऊन गेला. वरच्या मजल्याला कुलूप आहे. पण फोन येतो. "वयनी, ते म्हातारीची सांगा." आणि मी सांगते, आणि नागपुराहून हूं येतं, बरोबर जागेवर.

परवा अशीच सांगत होते. सरपण संपलं, इथपर्यंत आले, दम घेतला, हूं आलं. कुंपणाच्या काठ्या उपसल्या, पुन्हा दम घेतला, पुन्हा हूं आलं. म्हटलं, आज आवाज अगदी जवळून येतोय. फोन कानावरून काढून पाहिला, तर कधीचा कटलेला.

मी वळले. मागे आमचे हे. तोंडापुढे पेपर.

"तुमी हूं म्हटलं?"

"मी? मी कायले म्हनू? घसा खाकरला."

"दोनदा?"

पेपराचं पान उलटलं. मग पेपराच्या मागून आवाज आला, "मंग ते म्हातारीचं पोट्टं आलं का नाही?"

मी उठले. त्यांच्या हातातला पेपर घेतला, चष्मा काढून त्यांच्याच खिशात घातला, आणि त्यांची खुर्ची जराशी तिरपी केली.